कॉन्टेसा चढाला दम टाकते, ताकद वाढवायची आहे. सुरुवात कुठून करू?

अनगोळचा_व्हीएमसीवाला

सगळ्यांना नमस्कार. वर्षभर इथं नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

गाडी हिंदुस्तान कॉन्टेसा क्लासिक, १९९२ ची. इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन, पाच गिअर. रंग पांढरा, पासिंग एमएच-०९. आम्ही बेळगावचे आणि पासिंग कोल्हापूरचं कसं, तर बाबा सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यात ड्रायव्हर होते. ही चेअरमन साहेबांची गाडी. अकरा वर्षं बाबांनीच चालवली. २००३ ला कारखान्यानं लिलावात काढली तेव्हा बाबांनी ३८ हजाराला उचलली. घरी आणली त्या दिवशी आई म्हणाली, "अकरा वर्षं त्यांची धुतलीत, आता आपली म्हणून धुवा." २०१४ पासून घरामागं पत्र्याखाली उभी होती.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे. गेल्या वर्षी गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी आठ महिने ठेवून घेतली. रंग एकदम झकास, सीट नव्या, खाली जाड मॅट. इंजिनाचं मात्र तेल बदललं, प्लग पुसले आणि "ओके आहे साहेब" म्हणून किल्ली हातात दिली. बेळगावात फिरवताना मलाही ओकेच वाटलं. ग्लोबच्या सिग्नलला उभी केली की लोक फोटो काढतात. नेटवर हिला भारताची मसल कार म्हणतात, ते वाचून छाती अजून फुगली.

ती फुगलेली छाती चोर्ला घाटात फुटली. गणपतीनंतर चौघं गोव्याला गेलो. जाताना उतार, काय कळलं नाही. परत येताना केरीतनं अंजुणे धरण मागं टाकलं आणि चढ लागला, तसा तिसऱ्याचा दुसरा, आणि दुसऱ्यातच ३५ च्या वर काटा जाईना. पाय पूर्ण दाबलेला, इंजिनाचा नुसता आवाज. गोव्याला भाजी टाकून रिकामा परतणारा बेळगावचाच एक पिकअप हॉर्न वाजवत पुढं गेला. माझ्या मुलीनं त्याला हात हलवून टाटा केला. अंजुण्याच्या फाट्यापासून वर ज्या टपरीवर आम्ही चहाला थांबतो तिथपर्यंत २६ मिनिटं लागली. तापमानाचा काटा पाऊण घरावर.

आता माझा प्लॅन. वेबर ३२/३६ कार्बोरेटर, फोर-टू-वन एक्झॉस्ट, मंजे चार पाइप एकात आणणारा (पाइप बेंड करणारे उद्यमबागेत आहेत), डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम ग्राइंड करून घेणे, आणि हेड फेस करून, मंजे सिलिंडरवरचं झाकण खालनं तासून कॉम्प्रेशन वाढवणे. शेवटचं काम मला फुकटात पडतं, मालक रविवारी मशीन वापरायला देतात. मनात ०.८ मिमी काढायचं आहे. एक दोस्त म्हणतो थेट टर्बो टाक. बजेट अडीच लाख, तेही दोन हप्त्यांत.

रेस खेळायची नाही. चौघं बसून चोर्ला आणि आंबोली तिसऱ्या गिअरमध्ये चढली पाहिजे, एवढंच. आधी काय करू?


गडहिंग्लज_टर्बो

भावा, डोक्याला ताप करून घेऊ नको. टोयोटाचं टू-जेझेड इंजिन आण, गिअरबॉक्ससकट. तीन लिटर, सहा सिलिंडर. एवढं लांब बोनेट मग दिलंय कशाला? अठराशे सीसीवर वेबर लावणं म्हणजे आजोबाला जीन्स घालण्यासारखं हाय. तो भाजीवाला परत दिसला की सांग.


कॅम्पातला_ईएमई

नमस्कार. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, २४ वर्षं काढली, आता कॅम्पात राहतो. वरच्या तरुण मित्राचं आधी बोलून घेतो, कारण बोनेटबद्दल तो चुकीचं बोलत नाही. हिचं अंग मुळात इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर एफई गाडीचं, १९७२ चं. तिकडे याच अंगात व्हेंटोरा नावानं ३.३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन बसत होतं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ मध्ये ही गाडी आणली तेव्हा त्यात अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसी इंजिन घातलं, पन्नासच्या आसपास घोडे. जागा सहाची आणि बसवला तो टांग्याचा! इसुझूचं १८१७ सीसी आलं तेव्हा ८५-९० च्या घरात ताकद आणि पाचवा गिअर मिळाला, तेव्हा कुठे गाडी गाडीसारखी पळाली.

पण जागा आहे म्हणून इंजिन बसत नाही. टू-जेझेडमध्ये टर्बो नसला तरी दोनशेच्या वर घोडे. ते मागच्या चाकांच्या डिफरन्शियलपर्यंत पोचले की क्राउन-पिनियन, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेक सगळंच बदलावं लागतं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. निर्मात्यानं ठरवलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. अडीच लाखात हे होणारही नाही.

आता अनगोळकर, तुमच्याबद्दल. गाडीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, वर चार माणसं. ८५ घोडे जिवंत असतील तर ही गाडी चोर्ला तिसऱ्यात चढायलाच हवी. म्हणजे तुमचा प्रश्न ताकद वाढवण्याचा नाही. असलेली ताकद कुठे गेली, हा आहे. युनिटमध्ये जवान "साहेब, गाडी खेचत नाही" म्हणून यायचा तेव्हा आम्ही इंजिनाला पाना लावायच्याही आधी एक गोष्ट करायचो, ती तुम्ही आज संध्याकाळी करा. इंजिन बंद. एअर फिल्टर काढा. घरच्या कुणालातरी सीटवर बसवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा, आणि तुम्ही कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. फुलपाखरू, म्हणजे आतली हवेची झडप (बटरफ्लाय), पूर्ण उभं राहतं का? हसू नका. दहातल्या दोन गाड्यांचा आजार तिथेच सापडायचा. केबल ताणलेली, लिंकेज वाकलेलं, किंवा पेडलखाली काहीतरी.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही प्लग काढून, इंजिन गरम असताना, बटरफ्लाय उघडं धरून मोजा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते महत्त्वाचं. एखादा पडला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा उठला तर रिंगा, नाही उठला तर व्हॉल्व्ह.

डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डायफ्रॅम तोंडानं ओढून बघा, हवा धरतो का. आतली वजनं गंजून अडकली असतील तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे सरकत नाही. मग इंजिन आवाज करतं, खेचत नाही आणि तापतं. तुमचा पाऊण घरावरचा काटा मला याचीच शंका घ्यायला लावतो. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा. अकरा-बारा वर्षं उभी राहिलेली गाडी एखादा ब्रेक धरूनच चालते, आणि मालक मग इंजिनाला दोष देतो.

अजून एक, आणि हे ताकदीच्या आधीचं आहे. तुम्ही चोर्ला उतरलात तेव्हा ब्रेक ऑइल किती वर्षांचं होतं? नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतलं पाणी पीत असतं. पाणी प्यायलं की तोच आकडा १४० पर्यंत खाली येतो. घाटात पेडल एकदम मऊ पडतं ते यामुळे. डॉट-४ भरा, कोरडं २३०, ओलं १५५. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काय निघतं ते कळवा.


निपाणी_मिस्त्री

ईएमई काकांनी बरोबर पकडलंय. मी जरा कार्बोरेटरकडं येतो.

वेबर ३२/३६ चांगला, मी लावलेत. पण भावा, तुझ्या गाडीवर आत्ता आहे तो कार्ब दोन नरड्यांचा (हवा जायची दोन तोंडं) असेल तर तोच खोल. दोन नरड्यांच्या कार्बात पहिलं नरडं बरंच उघडल्याशिवाय दुसरं जागं होत नाही. शहरात हळू फिरणाऱ्या गाड्यांचं दुसरं नरडं वर्षानुवर्षं झोपलेलं असतंय. शाफ्ट जाम, जेटमध्ये काळी पूड. लोक वेबर लावतात आणि म्हणतात, "बघ मिस्त्री, काय पळाली!" पळणारच की, दोन्ही नरडी पहिल्यांदा उघडली तिची. तेच काम किट आणि दिवसभर मेहनतीत होतंय.

दुसरं, पेट्रोल. हल्ली पंपावर येतंय ते ई२०, वीस टक्के इथेनॉल. आपल्याच उसाचं, आपल्याच डोक्यावर! साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागती, ई२० ला साधारण साडेतेरा. मंजे जुन्या जेटवर इंजिन आठ टक्के उपाशी चालतंय. त्यात तू बेळगावात सेट करणार. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, हवा पातळ. खाली गोव्यात हवा दाट, तिथं मिश्रण आणखी पातळ पडतंय. उपाशी इंजिन गरम चालतंय आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खातंय. कॉम्प्रेशन एकाच सिलिंडरला कमी आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

जुने रबरी पेट्रोल पाइप पण आजच बदल. इथेनॉलनं आतनं सुटतात आणि तुकडे फ्लोटच्या सुईत जाऊन बसतात. गाडी उभी ठेवणार असशील तर टाकी रिकामी नको, हवेतलं पाणी खाली बसतंय.

मात्र ई२० ला नुसत्या शिव्या देऊ नका. त्याचं ऑक्टेन चढं असतंय. टायमिंग एक-दोन अंश पुढं घेतलं तरी नॉकिंग लगेच येत नाही. जुन्या काळी साध्या पेट्रोलवर ही सोय नव्हती.


अनगोळचा_व्हीएमसीवाला

काका, मिस्त्री, तुम्हा दोघांच्या पायावर डोकं. तीन रविवार गेले, पण लिहिण्यासारखं निघालं.

आधी अ‍ॅक्सिलरेटरचं. बाबांना सीटवर बसवलं, मी टॉर्च घेऊन वर. "दाबा" म्हटलं, त्यांनी दाबला. फुलपाखरू अर्ध्याच्या थोडं पुढं जाऊन थांबलं. "पूर्ण दाबा की बाबा." "पूर्णच दाबलाय." मग मी मॅट उचलली. खाली पत्र्याला भोक पाडून एक बोल्ट बसवलेला, वर रबरी बुश, चेकनट टाइट करून एकदम व्यवस्थित. पेडल येऊन त्या बुशवर बसायचं. गॅरेजवाल्यांनी त्याच्यावरनंच नवी मॅट अंथरलेली.

मी म्हटलं, हे कुणी केलं? बाबा गप्प. मग हसायला लागले. १९९५-९६ च्या सुमारास चेअरमन साहेबांचा मुलगा रात्री किल्ली मागून गाडी घेऊन जायचा. एकदा हायवेवर मैलाच्या दगडाला घासून आणली. साहेबांनी बाबांना सांगितलं, "त्याला नाही म्हणू नको, पण गाडीला नाही म्हणायला शिकव." तर बाबांनी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तो बोल्ट बसवला. पोरगा महिनाभर म्हणत होता गाडी बिघडलीय, बाबा म्हणायचे पेट्रोल खराब येतंय. नंतर काढायचं राहिलं ते राहिलंच. मंजे गेली तीस वर्षं या गाडीनं पूर्ण श्वासच घेतलेला नाही. मिस्त्री, कार्ब दोन नरड्यांचाच आहे. दुसऱ्या नरड्याचा शाफ्ट पक्कडीनंही हलेना. तुम्ही झोपलेलं म्हणालात, हे तर कोमात होतं.

कॉम्प्रेशन पीएसआयमध्ये: १४५, १४८, १००, १४६. तिसऱ्यात ऑइल टाकून १०८. मग तो पिस्टन टीडीसीला, मंजे पार वर आणून कॉम्प्रेसरची हवा सोडली, सायलेन्सरमधनं फुस्स आवाज. हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेला जळून पाकळी उडालेली. शेजारचा इनटेक मॅनिफोल्डचा गॅसकेट पण फाटलेला, तिथनं हवा ओढत होतं. मंजे तिसरा दुहेरी उपाशी.

डिस्ट्रिब्युटरची वजनं गंजलेली होती, काकांची शंका खरी. मागचं डावं चाक हातानं फिरवताना घाम आला. टायरवर शेवटचे आकडे १४. मंजे २०१४ चे, आणि त्यावर मी मुलाबाळांना घेऊन घाट उतरलो.

हेड टेबलावर आहे तर माझ्या आवडीचं काम केलं. हेडमधल्या पेट्रोल जळायच्या चेंबरवर अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवली आणि सिरिंजनं रॉकेल भरून सीसी मोजले. गॅसकेट, पिस्टनवरची जागा सगळं धरून एका सिलिंडरला ६० सीसी. बोअर ८४, स्ट्रोक ८२, मंजे एका सिलिंडरचे ४५४ सीसी. कॉम्प्रेशन रेशो आला ८.५७. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ कागदावर ठसा घेऊन मोजलं, ४० चौरस सेंमी. ०.८ मिमी काढलं तर ३.२ सीसी कमी, रेशो सरळ ९.०. ई२० चं ऑक्टेन आहेच म्हणता. या रविवारी कटर फिरवू काय?


कॅम्पातला_ईएमई

बोल्टची गोष्ट माझ्या जुन्या सोबत्यांना वाचून दाखवली. तुमच्या वडिलांना माझा सलाम सांगा, चेकनट लावला यातच माणूस कळतो.

कटरचं मात्र थांबा. मोजणी तुम्ही उत्तम केली आहे, मग हिशेबही शेवटपर्यंत करा. कॉम्प्रेशन रेशोवरून कार्यक्षमता काढायचं पुस्तकी सूत्र आहे: एक वजा, रेशोचा ०.४ घात घेऊन त्यानं एकाला भागायचं. ८.५७ ला उत्तर येतं ०.५७६ च्या आसपास, ९.० ला ०.५८५. फरक दीड टक्का. ८५ घोड्यांवर सव्वा घोडा. पुस्तकात. रस्त्यावर त्याहून कमी. तुमच्या वडिलांच्या बोल्टनं यापेक्षा कितीतरी जास्त अडवून ठेवलं होतं आणि तो काढायला एक पाना लागला.

आणि त्या सव्वा घोड्याची किंमत फक्त मशीनच्या वेळेची नाही. तुमचा कॅम हेडमध्ये आहे. हेड खाली बसलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं, कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं, आणि कमी आरपीएमवर, म्हणजे चढाला लागणारी ओढ थोडी घटते. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात ते वेगळंच. पुढच्या वेळी हेड वाकलं तर फेस करायला माल उरत नाही. जुन्या गाडीचं हेड म्हणजे मुदत ठेव, गरजेपुरतंच मोडावं.

सरफेस प्लेटवर निळं लावून बघा किंवा डायल फिरवा. सपाट व्हायला जेवढं लागेल, ०.१ किंवा ०.१५, तेवढंच काढा. हात शिवशिवत असतील तर मशीनची हौस पोर्टवर भागवा. मॅनिफोल्ड, गॅसकेट आणि पोर्ट यांची तोंडं एकमेकांना जुळतात का बघा. जुन्या कास्टिंगमध्ये दोन-दोन मिमीचे कट्टे उभे असतात. ते जुळवायला पैसे लागत नाहीत, आणि उलटं काही बिघडतही नाही.


निपाणी_मिस्त्री

काकांना दुजोरा. व्हॉल्व्ह नवे टाकताना गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकती ती नळी) पण बघ. गाइड सैल ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला तर सहा महिन्यांत परत तेच. सीट ४५ अंशाला कापून हातानं लॅपिंग, पेट्रोल ओतून उलटं ठेवायचं, दहा मिनिटं थेंब गळता कामा नये.

मेन जेट कितीचा निघाला? ११५ असेल तर १२० लाव. आकड्यात पाचच दिसतात, पण भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ नऊ टक्के वाढतंय. ई२० ची भूक बरोबर भागती. मग चढाला पूर्ण पाय देऊन गाडी वर आण, तिथंच चावी बंद करून बाजूला घे आणि प्लग काढ. पांढरा असेल तर अजून उपाशी. चहाच्या रंगाचा आला तर मला निपाणीत येऊन चहा पाज.

फोर-टू-वन नंतर. आधी मूळच्या मॅनिफोल्डवर गाडी कशी चढती ते बघ, नाहीतर कशानं किती फरक पडला ते कळणारच नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र घाल. पॉइंट घासायला आता पोरं मिळत नाहीत.


हलशी_आरसीबुक

इंजिनाचं तुम्ही बघून घेताय, मी कागदाचं बोलतो, कारण मी त्यात भाजून निघालोय. दादा, एमएच-०९ गाडी बेळगावात ठेवून किती वर्षं झाली? कलम ४७ म्हणतं, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी ठेवली की तिथलं पासिंग करून घ्यायचं. म्हणजे कोल्हापूरची एनओसी, मग इथला टॅक्स, मग केए-२२. तुमच्या आरसीची १५ वर्षं कधीच संपली असणार, म्हणून आधी तिकडं रिन्यूअल आणि मग एनओसी. उलट्या क्रमानं गेलात तर दोन्ही खिडक्या एकमेकांकडं पाठवतात. मी कणकुंबीचा माणूस, माझी गाडी चंदगड भागात घेतलेली. सात हेलपाटे झाले. माझ्या आजीचं माहेर जिथं, तिथल्या पासिंगची गाडी माझ्या दारात परकी, हे त्या खिडकीवर कुणाला समजावणार?

इंजिन तेच, रंग तोच राहू दे. इंजिन नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतात, त्या जागेवर रंग किंवा ग्रीस नको. गॅरेजवाल्यानं चेसिस नंबरवर रंग मारला असेल तर आत्ताच थिनरनं पुसा.


अनगोळचा_व्हीएमसीवाला

चेसिस नंबरवर रंग होताच. पुसला. कोल्हापूरला पहिला हेलपाटा झालाय, उरलेले सहा धरून चाललोय.

हेड ०.१२ मध्ये सपाट झालं, तिथंच थांबलो. खरं सांगतो, मशीन बंद करताना हात जड झाला. आठही व्हॉल्व्ह, गाइड, कार्बचं किट, १२० चा जेट (११५ च निघाला), इग्निशन, मागची ब्रेक सिलिंडरं, डॉट-४, चार टायर. एकूण ६४ हजार, त्यातले निम्मे टायरचेच. दुसऱ्या नरड्याचा शाफ्ट सुटेना, शेवटी लेथवर नवा केला.

परवा बाबांना घेऊन गेलो. वजन तेवढंच पाहिजे म्हणून मागं वाळूची दोन पोती. अंजुण्याच्या फाट्यापासून टपरीपर्यंत १९ मिनिटं. दोन हेअरपिन सोडल्या तर सगळं तिसऱ्यात, एका सरळ पट्ट्यात ५५. दुसरं नरडं उघडतं तेव्हा आवाजच बदलतो, मला आधी वाटलं काहीतरी तुटलं. काटा अर्ध्यावर. भाजीचे पिकअप दोन दिसले, दोघांनीही बाजू दिली नाही, त्यामुळं त्या हिशेबाचं अजून राहिलंय. टर्बोवाल्या भावाला सांगतो, आजोबांनी जीन्स न घालता चढ काढला.

प्लग तिसऱ्याचा चहाच्या रंगाचा, पहिल्याचा मात्र अजून जरा फिकट आहे. मिस्त्री, त्याचं काय करू? आणि काका, काढलेला बोल्ट बाबांनी टाकू दिला नाही, बुशसकट डिकीतल्या टूलबॉक्समध्ये ठेवलाय. नात अठरा वर्षांची झाली की परत लावायचाय म्हणे. पुढच्या रविवारी निपाणीला येतो, फोर-टू-वनचं माप घ्यायला. सकाळी की दुपारनंतर?